पावागडापासून काळा घोडा पुलापर्यंत : विश्वामित्रीच्या काठाने स्काऊट पथकाचे चार दिवस

बडोद्यात वाढणाऱ्या मुलाची विश्वामित्रीशी ओळख दोनच प्रकारे होते. एरवी पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावून, आणि पावसाळ्यात ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरते तेव्हा. ही नदी पावागडाच्या डोंगरात उगम पावते, आजव्याकडून वळणं घेत शहरात येते आणि पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते, हे भूगोलाच्या वहीत असतं, पायांना ठाऊक नसतं. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली पथकाची बाहेरची शिबिरं नदीच्याच वाटेने आखावीत असं आमचं ठाम मत आहे. उगमापाशी एक सेवा, शहरात दुसरी. सेवा सहलीच्या शेवटी अर्ध्या तासात उरकायची गोष्ट नव्हे. चढाईसाठी जितकं नियोजन लागतं, तितकंच तिच्यासाठीही लागतं.

पथकात चार संघ, प्रत्येक संघात आठ मुलं, वयं अकरा ते सोळा. बरोबर चार मोठी माणसं. निघण्याच्या दोन आठवडे आधी कागद हातात हवेत: पालकांची लेखी संमती (त्यावर रक्तगट, रोजचं औषध आणि कशाची ॲलर्जी आहे ते), पोलिस चौकीला दिलेलं पत्र आणि गडावर जिथे काम करायचं तिथल्या व्यवस्थापनाचा होकार. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात तंबू ठोकता येत नाहीत, चूलही पेटवता येत नाही. म्हणून मुक्काम पायथ्याच्या धर्मशाळेच्या अंगणात आणि स्वयंपाक गॅसवर. शेकोटीशिवाय शिबिर कसलं, असं मुलं म्हणतात. त्यांना सांगावं की शेकोटीचा कार्यक्रम कंदिलाभोवतीही तितकाच रंगतो.

पिशवीचं वजन मुलाच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त नको. चाळीस किलोच्या मुलाला आठ किलो पुष्कळ झाले. पिशव्या आदल्या संध्याकाळी काट्यावर ठेवून पाहाव्यात. नेहमी जास्त निघतं ते तीनच गोष्टींचं: दुसरी चादर, जादा बूट आणि आईने भरून दिलेला डबा. खाऊ म्हणून भाकरवडी आणि कोरडा पोह्यांचा चिवडा चालतो. बडोद्याचा लीला चिवडा कितीही लाडका असला तरी तो ओलसर असतो, बंद डब्यात दुसऱ्या दिवशीच वास धरतो. तो घरीच खाऊन निघावं.

पहिला दिवस : चांपानेर

बडोद्याहून पावागड पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. हालोलमार्गे एस.टी.ने दीड तास धरावा. सकाळी सातला बस पकडली तर वस्तीत तंबू उभारायला भरपूर उजेड मिळतो. या दिवसांत सूर्य सव्वासातला उगवतो आणि सहाला मावळतो, त्यामुळे साडेपाचनंतर कुठलंही नवं काम काढू नये.

चांपानेर येण्याआधी रस्त्याकडेला सोळाव्या शतकातली गोल वाव आहे. विहिरीच्या भिंतीला बिलगून जेमतेम सव्वा मीटर रुंदीच्या पायऱ्या वळत वळत तळाशी जातात. इथे थांबायचंच, पण उतरायचं नाही. कठडा नाही, पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि बत्तीस मुलांच्या रांगेत एक जरी मागे वळला तरी धक्का पुढच्याला बसतो. एकेका संघाने वरून पाहावी आणि वहीत तिचा आराखडा काढावा.

तंबूची खरी परीक्षा पावागडाच्या पायथ्याशी होते. डोंगर ज्वालामुखीचा: खाली बेसाल्टचे थर, माथ्याकडे पिवळट-तांबूस रायोलाइट. त्याची झीज होऊन पायथ्याला जो मुरूम साचलाय तो वरून मऊ दिसतो, पण वीतभर खाली दगड. खुंटी चार बोटं आत जाते, मग टणकन वाजते. मुलं आणखी जोरात हातोडा मारतात आणि खुंटीचं डोकं चपटं होतं. अशा जागी खुंटीचा नाद सोडावा. हातभर लांबीची जाड काडी घ्यायची, तंबूचा दोर तिच्या मधोमध क्लोव्ह हिच या आवळगाठीने बांधायचा, काडी जमिनीवर दोराला आडवी ठेवायची आणि तिच्यावर पंधरा-वीस किलोचे दगड रचायचे. पहिला दगड काडीच्या तंबूकडच्या अंगाला, म्हणजे ताण आल्यावर काडी दगडाखालून निसटत नाही. खुंटी आत जाते तिथे तिचं डोकं तंबूपासून दूर झुकलेलं असावं आणि दोर जमिनीलगत बांधावा. पहाटे तापमान बारा अंशांच्या आसपास उतरतं, दव पडतं. सुती दोर दवाने आखडतो, तेव्हा झोपण्यापूर्वी सगळे दोर बोटभर सैल करून ठेवावेत, नाहीतर रात्री शिवणी उसवतात.

हात धुण्याची सोय प्रत्येक संघाने स्वतः करायची. पाच लिटरच्या कॅनला झाकणाखाली चार बोटांवर गरम खिळ्याने भोक पाडायचं, दोन दुबेळक्यांवर आडवी काठी ठेवून कॅन टांगायचा, त्याच्या गळ्यातली दोरी खाली जमिनीवरच्या काडीला बांधायची. काडीवर पाय दिला की कॅन कलतो आणि बारीक धार येते. नळाला हात लागत नाही, पाणीही निम्म्याने वाचतं. साबण जुन्या मोज्यात घालून बाजूला टांगावा.

दुपारी जामी मशीद. १७२ खांब, आणि दर्शनी बाजूला सुमारे तीस मीटर उंचीचे दोन मिनार. उंचीचा अंदाज शिकवायला याहून चांगली जागा जवळपास नाही. काठी उभी धरून तिची सावली मोजायची, त्याच मिनिटाला मिनाराची सावली मोजायची, आणि त्रैराशिक मांडायचं. डिसेंबरअखेरीस इथे एक सोय होते. बडोदा साधारण २२.३ अक्षांशावर आहे, त्यामुळे भर माध्यान्ही सूर्य ४४ अंशांवर असतो आणि सावली जवळजवळ उंचीइतकीच पडते. ती माध्यान्ह घड्याळात बाराला येत नाही, पावणेएकच्या थोडी आधी येते, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि बडोदा ७३च्या जवळ. त्या वेळी सावलीचं टोक उत्तर दाखवतं, होकायंत्र तपासायचं ते तेव्हाच. मुलं चुकतात ती एकाच ठिकाणी: मिनाराची सावली भिंतीपासून मोजतात. ती मिनाराच्या मध्यापासून मोजायला हवी. जमीन उताराची असेल तर उत्तर फसतंच, म्हणून मोजणीसाठी फरसबंदीचा सपाट भाग निवडावा.

संध्याकाळी एका संघाला खिचडी: ८०० ग्रॅम तांदूळ, ४०० ग्रॅम मूगडाळ, पाच लिटर पाणी, वर तूप. मोठ्या पातेल्यात पाणी आधी उकळावं आणि मग धुतलेले तांदूळ घालावेत. गार पाण्यात घातले तर तळ लागतो आणि वरचे दाणे कच्चे राहतात.

दुसरा दिवस : गड आणि सेवा

पहाटे साडेपाचला उठवणं, पावणेसातला चालायला सुरुवात. पायथ्यापासून माचीपर्यंत बस जाते, पण पथकाने जुन्या दरवाजांमधून पायी जावं. महमूद बेगड्याने वीस महिन्यांचा वेढा घालून १४८४ मध्ये हा गड घेतला आणि पायथ्याशी राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायूनची माणसं कड्यात लोखंडी मेखा ठोकून तो चढली, हुमायून स्वतः त्यांच्यात होता. पुढे गड शिंद्यांकडे आला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला. हा इतिहास वर्गात सांगितला तर मुलं जांभया देतात. कड्याखाली उभं करून ‘तुम्ही कुठून चढला असता?’ असं विचारलं की पुढचा अर्धा तास तेच बोलतात.

चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवायचा, म्हणून त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचं. पहिला संघनायक, शेवटी प्रथमोपचाराची पिशवी घेतलेला मोठा माणूस. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं उभ्यानेच थांबायचं. बसलं की स्नायू गार पडतात आणि पुन्हा उठणं जड जातं. पाणी माणशी तीन लिटर, एका संघाचं चोवीस. त्यातलं दोन लिटर संघाचं राखीव, ते संघनायकाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही. प्रथमोपचाराच्या पिशवीत रोपवेच्या दोन तिकिटांचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवावेत. पाय मुरगळलेल्या मुलाला हजारो पायऱ्या उतरवण्यापेक्षा एका मोठ्या माणसाबरोबर १९८६ पासून चालू असलेल्या त्या रोपवेने माचीवर आणणं केव्हाही शहाणपणाचं.

माचीपासून वर वानरं. हातात पिशवी दिसली की ती झडप घालतात. त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, पळू नये, खाऊ पाठीवरच्या पिशवीत तळाला. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी रुग्णालय गाठावं. हळद, चुना, तिखट असलं काही लावायचं नाही.

माथ्यावरच्या कालिकामातेचं दर्शन आटोपून दहाच्या सुमाराला सेवा सुरू. गर्दी चढत्या उन्हाबरोबर वाढते. सेवेची जागा निवडताना बहुतेक पथकं पाण्याचं टेबल माचीवर, पायऱ्यांच्या सुरुवातीला मांडतात. तिथे कुणालाच तहान लागलेली नसते. चढणारा माणूस ताजातवाना असतो, बाटली भरलेली असते. खरी गरज लागते उतरतीच्या मधल्या टप्प्यावर: उपास धरलेल्या बायका, कडेवर मूल घेतलेले बाप, गुडघे धरून एकेक पायरी उतरणारी म्हातारी माणसं. टेबल तिथे हवं, वळणाच्या आतल्या अंगाला, म्हणजे रांग वाहत्या गर्दीला आडवी येत नाही. साखर-मिठाचं पाणी एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर वाढवली तर फायदा नाही, उलट जुलाब वाढू शकतात. आधी चव पाहून मगच द्यावं. ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

बोलण्याची तयारी आदल्या रात्रीच करून घ्यावी. इथे येणारी माणसं गुजराती, झाबुआ-अलिराजपूरकडची आदिवासी आणि खानदेशातली मराठीसुद्धा. ‘बा, बे मिनिट बेसो’ (आजी, दोन मिनिटं बसा) आणि ‘मावशी, टेका जरा, पाणी घ्या’ ही दोन वाक्यं आली की निम्मं काम होतं. कुणालाही हात धरून उठवण्याआधी विचारायचं. म्हातारं माणूस उतरत असेल तर मदतनीसाने त्याच्या पुढे, एक पायरी खाली आणि किंचित बाजूला राहायचं. मागून दंड धरला तर तोल जाताना दोघं पडतात.

हरवलेलं मूल सापडलं तर नियम कडक. एकटा स्काऊट कधीच नाही, दोघं. जिथे सापडलं तिथेच पाच-सात मिनिटं थांबायचं, कारण आई त्याच जागी परत येते. मुलाला खाऊ द्यायचा नाही, पाणी द्यायचं, आणि मुलाच्या उंचीला बसून बोलायचं. मग चौकीत न्यायचं. ध्वनिक्षेपकावर फक्त ‘एक लहान मूल चौकीत आहे’ एवढंच सांगावं. कपड्यांचा रंग, नाव पुकारू नये. न्यायला येणाऱ्याने ते सांगायचं असतं, त्यावरूनच खरं-खोटं कळतं.

दुपारी दोनला कचऱ्याचं काम. तीन पोती: बाटल्या, पातळ प्लास्टिक आणि चुनऱ्या-नारळाच्या शेंड्या. शेंडी आणि कापड वेगळं काढलं नाही तर सगळंच पोतं निरुपयोगी होतं, भंगारवाला बाटल्यासुद्धा घेत नाही. रबरी हातमोजे, बांबूचे चिमटे, काच आणि सुया यांच्यासाठी झाकणाचा डबा, जो फक्त मोठ्या माणसाच्या हातात. पायऱ्यांवर एका पोत्याचं वजन आठ किलोच्या वर नको. जड पोतं उतरताना गुडघ्यावर आपटतं आणि वाहणाऱ्याला पुढची पायरी दिसत नाही. सगळ्यांत महत्त्वाचं: भरलेली पोती कोण, कुठून, किती वाजता उचलणार हे निघण्याआधी ठरलेलं असावं. नाही ठरलं तर पोती कट्ट्यावर राहतात, रात्री वानरं फाडतात आणि सकाळी कचरा दुप्पट ठिकाणी पसरलेला असतो. इथे जमिनीवर पडलेलं पातळ प्लास्टिक पावसात ओहोळात जातं, ओहोळ विश्वामित्रीत, आणि नदी ते बडोद्यात आणून देते. पोत्यांचं वजन घेऊन वहीत लिहावं, शहरातल्या कामाशी ते ताडता येतं.

उतरताना बुटांची नाडी घोट्याकडे घट्ट, बोटांकडे सैल. नाहीतर नखं काळीनिळी होतात. संध्याकाळी पायाची तपासणी, फोड असेल तर फोडायचा नाही, मऊ पट्टीला भोक पाडून भोवती लावायची.

तिसरा दिवस : आजवा

हालोलहून टेम्पोने आजवा. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या या सरोवरातून १८९२ पासून बडोद्याला पाणी मिळतं, निमेटा इथल्या शुद्धीकरण केंद्रात गाळून. मातीचा लांबलचक बांध, आणि हे पाणी उताराने शहराकडे जातं, एवढं मुलांनी नकाशावर समोच्चरेषा मोजून स्वतः शोधावं.

सकाळचं काम पक्ष्यांची मोजणी. वारकरी, चक्रवाक, थापट्या, पाणकावळे हिवाळ्यात थव्याने असतात. थवा एकेक करून मोजता येत नाही. दहा पक्षी मोजायचे, तेवढी जागा डोळ्यात धरायची आणि ती थव्यावर किती वेळा बसते ते पाहायचं. दोघांनी स्वतंत्र मोजून सरासरी घ्यावी. पाण्यापासून दहा मीटरच्या आत कुणीही जाणार नाही, कारण इथे मगरी आहेत. भांडी धुवायलासुद्धा नाही. पाणी लागलं तर टाकीचं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की ते स्वच्छ दिसतं, पण जंतू मरत नाहीत. खळखळून उकळलं तरच प्यावं.

दुपारनंतर बडोद्याकडे. रात्रीचा मुक्काम शाळेच्या सभागृहात.

चौथा दिवस : शहरातली नदी

सयाजीबाग, काळा घोडा पूल, आणि खाली विश्वामित्री. शहराच्या मधोमध एवढ्या मगरी असलेली नदी देशात क्वचितच असेल. हिवाळ्यात अकरा ते तीन त्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात. तोंड उघडं असतं ते अंगातली उष्णता काढायला, हल्ला करायला नव्हे. फेब्रुवारी ते एप्रिल माद्या काठाच्या मातीत अंडी घालतात. म्हणून नदीकाठच्या उतारावर सफाईला मुलं उतरवणं हा वेडेपणा आहे, फोटो कितीही चांगले येवोत. जे काम करायचं ते रस्त्यावरून, पुलावरून आणि बागेतून.

या हंगामात बागेतलं सर्वांत गरजेचं काम मांजाचं. उत्तरायण १४ जानेवारीला, पण डिसेंबरअखेरीसच गच्च्या भरू लागतात आणि झाडांवर मांजा लटकतो. घारी, कबुतरं, वटवाघळं त्यात अडकतात. कामाची पद्धत अशी: जोडीने जायचं, हातात चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. एकाने मांजाचं टोक धरून काडीवर गुंडाळायचं, दुसऱ्याने कात्रीने तोडायचं. ओढायचा कधीच नाही. ओढला की तो बोट कापतो आणि फांदीत आणखी रुततो. उंचावरचा मांजा कोरड्या बांबूच्या आकड्याने, आणि विजेच्या तारेपासून तीन मीटरच्या आत असेल तर हातच लावायचा नाही, तिथे वीजमंडळाला कळवायचं. जमलेला मांजा हातभर तुकडे करून बंद पोत्यात टाकावा, म्हणजे कचऱ्यातही कुणी अडकत नाही. जाळू नये, नायलॉनचा धूर घशाला लागतो. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो सापडतोच. कुठे जास्त सापडला त्याची नोंद करून पोलिसांना द्यावी.

जखमी पक्षी मिळाला तर त्यावर कापड टाकून अलगद उचलायचा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचा. मांजा पंखात रुतला असेल तर पक्ष्याजवळची दोन्ही टोकं कापायची, रुतलेला भाग उपसायचा नाही. चोचीत पाणी घालायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. गुजरातेत उत्तरायणाच्या दिवसांत करुणा अभियानाची पक्षी-उपचार केंद्रं उघडतात. त्यांचे पत्ते आधीच प्रत्येक संघनायकाच्या वहीत हवेत.

दुसरं काम पुराच्या खुणांचं. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोडा पुलापाशी धोक्याची २६ फुटांची पातळी ओलांडून पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. मगरी अंगणात आल्या. भिंतींवर त्या पाण्याच्या रेघा अजून आहेत. प्रत्येक संघाने एक गल्ली घ्यावी, रस्त्यापासून रेघेपर्यंतचं अंतर टेपने सेंटिमीटरमध्ये मोजावं, आणि त्या घरातल्या मोठ्यांना विचारावं: ‘काका, ही कुठल्या सालची?’ तीन घरांचं उत्तर जुळलं तरच नकाशावर मांडायचं. काही रेघा गळक्या पाइपाच्या असतात, त्या आडव्या नसून ओघळलेल्या दिसतात. कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं, जिना कुठे आहे, गच्चीची किल्ली कुणाकडे असते, एवढं त्याच फेरीत विचारून घ्यावं. ही यादी पावसाळ्याआधी गल्लीच्या एखाद्या जबाबदार माणसाच्या हाती द्यायची, पथकाच्या कपाटात ठेवायची नाही.

दुपारी बागेच्या हिरवळीवर फेक-दोराचा, म्हणजे बुडणाऱ्याला काठावरून फेकायच्या दोराचा, सराव. पंधरा मीटर तरंगणारा प्लास्टिकचा दोर, एक लिटरची बाटली तिसरा हिस्सा भरलेली, तिच्या गळ्यात क्लोव्ह हिच आणि वर अर्धी गाठ. दोर बादलीत सैल सोडायचा, गुंडाळून ठेवला तर फेकताना अडकतो. दुसरं टोक पायाखाली दाबायचं, मनगटाला कधी गुंडाळायचं नाही. समोरच्याचा भार आला की फेकणाराही आत खेचला जातो. दहा मीटरवर टायर ठेवून बाटली त्याच्या पलीकडे पडेल अशी फेकावी, अलीकडे पडली तर उपयोग शून्य. ओढताना खाली बसायचं किंवा झोपायचं. आधी काठी, मग दोर, आणि पाण्यात उतरणं नाही. विश्वामित्रीच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

पाचला सामान परत. तंबू साध्या पाण्याने पुसून, दोन दिवस सावलीत वाळवून मगच घडी. घडी दरवेळी वेगळ्या रेषेवर, नाहीतर कापड तिथेच विरतं. मुरमाने घासलेले दोर हातातून सरकवून पाहायचे, तुस निघालेला भाग कापून त्याचे हात धुण्याच्या कॅनसाठी तुकडे करायचे. हरवलेल्या खुंट्या, फाटलेले हातमोजे, प्रथमोपचारातून वापरलेल्या पट्ट्या यांची यादी संघनायकाने त्याच संध्याकाळी भांडारप्रमुखाला द्यायची. उत्तरायणानंतरच्या रविवारी मांजासाठी पुन्हा बागेत जायचं असतं, तेव्हा हातमोजे हवेतच.